बाबांच्या सीटचा सांगाडा

माझा भाऊ भंगारवाल्याला घेऊन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. जिन्यातूनच मला दिसलं, तो माणूस आमच्या गाडीच्या दारावर टकटक करून पत्रा किती जाड आहे ते बघत होता. मी खाली गेले, डबा आणि पर्स टपावर ठेवली, साडी सावरली आणि सरळ बॉनेटवर चढून बसले. म्हटलं, आता गाडीबरोबर मलाही तोला. भाऊ ओरडला, "येडी झालीस का गं? सगळी कॉलनी बघतेय!" म्हटलं, बघू दे. कॉलनीने गेल्या रविवारी याहून वाईट बघितलंय. भंगारवाला शहाणा निघाला, बिचारा हसून चालता झाला. मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोचले आणि बोलणी खाल्ली.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. घाटकोपर पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं राहायचो. आई, बाबा, थोरला भाऊ आणि मी. मी टायपिस्ट होते, भाऊ भांडुपच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. बाबा ड्रायव्हर. गावाहून आले तेव्हापासून एकाच शेटकडे होते. शेटनी बंगला विकला आणि मुलाकडे परदेशी जायला निघाले तेव्हा जुनी विलायती गाडी त्यांनी बाबांना देऊन टाकली. म्हणाले, हिची नाडी तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. बाबांनी ती कॉलनीत आणली तेव्हा पोरंटोरं मागून धावत आली होती. गोल पाठीची, लहान डोळ्यांची गाडी, पुढे दोन सुट्या सीट, मागे एक लांब. दर मे महिन्यात आम्ही तिच्यातून गावी जायचो आणि येताना आई अर्धं कोकण तिच्यात कोंबून आणायची.

मग बाबांना झटका आला. डावी बाजू गेली. हात, पाय, तोंडाचा अर्धा भाग. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा तिथल्या व्यायामाच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पायात जीव आहे अजून. दिवसाआड इथे आणलंत तर उभे राहतील. घरी बसवून ठेवलंत तर तो पाय गेला समजा." हे त्या इतक्या सरळपणे म्हणाल्या की मला रागच आला त्यांचा. पण माझ्या डोक्यात ते वाक्य पक्कं बसलं.

तो रविवार त्यानंतरचा. व्यायामाची खोली रविवारी बंद असायची, पण म्हटलं एक रंगीत तालीम करू. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन सुरू करून दिलं होतं. मी गाडी चालवायला बाबांकडूनच शिकले होते, लायसन होतं. भावाने आणि खालच्या काकांनी बाबांना खुर्चीत बसवून जिन्यातून उतरवलं. बाबांनी धुतलेला सफेद शर्ट घातला होता. डावीकडचं दार उघडलं, त्यांना पुढच्या सीटवर टेकवलं आणि खालून कट् असा आवाज आला. सीटचा सांगाडा मोडला. सीट मागे कलली, बाबा तिच्याबरोबर कलले, आणि डाव्या अंगात जोर नाही म्हटल्यावर स्वतःला सावरता आलं नाही. सीट आणि दार यांच्या फटीत घसरून अडकले. लेंगा वर गेला, एक चप्पल बाहेर पडली. त्यांना बाहेर ओढताना आम्हाला चार माणसांची मदत लागली आणि बाकीची कॉलनी गॅलऱ्यांतून बघत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला कुणाच्या तरी अंगावर धावून जाता आलं असतं.

बाबा वर आले, पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले आणि जड जिभेने एवढंच म्हणाले, "मी आता खाली येवचय नाय."

नाही म्हणजे नाही. टॅक्सीचं नाव काढलं तर म्हणायचे, भाड्याच्या गाडीत मड्यासारखो जावचय नाय. आईने रडून बघितलं. भाऊ चिडून म्हणाला की सगळं त्या खटाऱ्यामुळे झालं, आधी तो इथून हलवू. म्हणून तो भंगारवाला.

मी मात्र ठरवलं. ज्या सीटने बाबांना पाडलं तीच सीट मी उभी करणार. तिच्यावर हत्ती बसला तरी हलता कामा नये. आणि बाबा त्याच सीटवर बसून व्यायामाला जाणार. भावाला सांगितलं, तुला मदत करायची नसेल तर करू नकोस, पण मध्ये येऊ नकोस. तो म्हणाला, "तुला येतं का काही यातलं?" म्हटलं, टायपिंग तरी कुठे आईच्या पोटातून शिकून आले होते.

दोन्ही पुढच्या सीट खोलायच्या ठरवल्या. उजवीकडची ड्रायव्हरची सीट मोडली नव्हती, पण तिचा काय भरवसा? तळाचे बोल्ट गंजून इतके घट्ट बसले होते की त्यांच्यावर रॉकेल ओतून रात्रभर ठेवायला लागलं. शेवटी भाऊच आला, पान्यावर पाय देऊन त्याने ते फिरवले, आणि वर निघून गेला. सीट बाहेर निघाल्या. मी रेक्झीन उसवलं, आतला काथ्या ओढून काढला. काथ्या कुजून काळा पडला होता आणि त्याला असा आंबूस वास येत होता की मी नाकाला पदर लावला. आत सांगाडा. वाकवलेल्या नळ्यांची चौकट, तिच्यावर आडव्या पट्ट्या आणि नागमोडी स्प्रिंगा. वरच्या बाजूला गंज नुसता धुळीसारखा होता, पण खालच्या मागच्या कोपऱ्यात नळीच उरली नव्हती. बोट लावलं की पापुद्रे सुटत होते, खारीच्या बिस्किटासारखे. तिथेच ती मोडली होती.

गॅलरीत जुनी गोणपाटं अंथरली आणि सुरुवात केली. सकाळी ऑफिसच्या आधी, रविवारी दिवसभर. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक. सुट्टी असो नसो, खर्र खर्र. खालच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "अगं, दात शिवशिवतात गं आमचे." म्हटलं, काकू, कापसाचे बोळे घाला कानात, मी थांबणार नाही. आता आठवलं की वाटतं, केवढी फाटक्या तोंडाची होते मी. पण त्या काकूच दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याचे जुने मोजे घेऊन आल्या, हातावर चढवायला. ऑफिसात माझी बोटं तांबडी पडलेली दिसायची. एकदा साहेबांच्या पत्रावर माझा अंगठा उमटला. साहेबांनी विचारलं, मेंदी काढलीस का? म्हटलं, हो साहेब, लोखंडाची.

वरवरचा गंज निघाला, पण खड्ड्यांतला जाईना. नळीभर बारीक बारीक खड्डे पडले होते, देवीच्या वणांसारखे, आणि प्रत्येकात काळा-तांबडा गंज घट्ट बसलेला. कितीही घासा, जागचा हलायचा नाही. मी टेकीला आले होते. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "गो, पितळेची समई आपण कित्यान घासतो?"

म्हटलं, चिंचेने. नाहीतर आमसुलाने.

"मगे?"

आणि मला पटलं! आमच्याकडे देवाची भांडी, तांब्याचा बंब, सगळं आंबटानेच उजळायचं. काळवंडलेली समई आमसुलाने चोळली की अशी लखलखायची की डोळे दिपावेत. आईने पलंगाखालून मे महिन्यात गावाहून आणलेली आगळाची बाटली काढली. कोकमाचा तो घट्ट, लालभडक, आंबट रस. आमच्या घरात तो सोलकढीला लागायचा, पित्ताला लागायचा, अंगावर पुरळ आलं की लावायलाही लागायचा. मग गंजाला का नको? फडकी आगळात भिजवून आम्ही दोघींनी ती सांगाड्याला गुंडाळली, पट्टीन् पट्टी. सकाळी सोडली आणि ब्रश मारला, तर काय! आतून राखाडी, चकचकीत लोखंड. मी आईला मिठीच मारली. भाऊसुद्धा शिफ्टवरून आला तो वाकून बघत म्हणाला, "झकास दिसतंय यार."

फडक्याने पुसलं, वरवर धुतलं आणि मोडका सांगाडा भावाच्या मित्राच्या स्कूटरवरून गोवंडीला एका ग्रिलवाल्याकडे नेला. त्याने कुजलेला कोपरा कापून तिथे नवी नळी जोडून दिली. परत आणून लाल प्रायमर मारला, त्यावर काळा ऑइलपेंट. स्वतःच्या हाताने, ब्रशचे केस चिकटले तर चिमटीने उचलत. दोन्ही सांगाडे गॅलरीत दोरीला टांगले आणि मी येता-जाता त्यांच्याकडे बघत राहिले. नव्या नवरीकडे बघावं तशी. बाबांना सांगितलं, "बाबा, झालं बरं का. आता काथ्या भरला, रेक्झीन शिवलं की निघालो." ते भिंतीकडे तोंड करून होते, ते तसेच राहिले.

आणि मग फोड आले.

गणपती होऊन गेले होते आणि ऑक्टोबरचा तो चिकट उकाडा पडला होता. पहिल्यांदा वाटलं, रंगाखाली धूळ राहिली. मग रोज एक नवा फोड. टिकलीएवढे, बोराएवढे. एकावर अंगठा दाबला तर रंग फुटला आणि आतून तांबडं पाणी आलं. रंगाखाली गंज पुन्हा तसाच, उलट जोमाने. माझं डोकंच फिरलं. हातातला डबा मी भिंतीवर फेकला, आमटी उडाली, आणि मी मोठ्याने रडायला लागले. महिनाभर घासलं होतं मी! आणि इकडे बाबांचा पाय दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, ते मला अंथरूण घालताना रोज दिसायचं. आई "रडू नको गो, रडू नको" करत माझ्याभोवती फिरत होती.

आतून आवाज आला. "काय लावलंस त्येका?"

बाबांचा. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून काही विचारलं नव्हतं. पलंग गॅलरीच्या खिडकीला लागूनच होता, म्हणजे सगळं त्यांच्या कानावर पडत होतं. मी दारात जाऊन म्हटलं, आगळ लावलं.

त्यांनी तोंड वळवलं. "आगळ? मीठ घातलेला ता आगळ?"

मी आईकडे बघितलं. आई पदराशी चाळा करायला लागली. आगळ टिकावं म्हणून त्यात मूठमूठ मीठ घालतात, कोकणातली शेंबडी पोर सांगेल. आम्ही दोघी मोठ्या शहाण्या, लोखंडाला मिठात लोणचं घालून वरून रंग फासून बसलो होतो.

"लोखंडाक मीठ!" बाबा इतक्या जोरात ओरडले की खोकला आला. "अगे, पितळ येगळा, लोखंड येगळा! शेट जुहूक समुद्रार जायत, तेव्हा परत इल्यावर मी गाडी खालसून गोड्या पाण्यान धुवय. कित्याक धुवय? हौस म्हणान?"

त्यांच्या तोंडाच्या कडेने लाळ गळत होती आणि डोळे लाल झाले होते. ते मला ओरडत होते आणि मला काय आनंद होत होता म्हणून सांगू! झटका आल्यापासून त्यांना रागावलेलं मी पाहिलंच नव्हतं. आणि त्याच क्षणी मला तो काथ्याचा आंबूस वास आठवला. आगळाच्या बाटल्या दर मेमध्ये आई कुठे ठेवायची? पुढच्या सीटखाली. उन्हाने तापू नयेत म्हणून. गाडी घाटात हिंदकळायची, बुचं पाझरायची, आणि वर्षानुवर्षं ते खारट पाणी काथ्यात मुरत होतं. मी हे बोलून दाखवलं आणि आई उसळली.

"माझ्या बाटल्यांची बुचा घट आसतत! उगाच काय सांगतंस!"

"मगे माका कोणी पाडल्यान?" बाबा म्हणाले. "भुतान?"

 आई हसायला लागली, हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि तशीच स्वयंपाकघरात निघून गेली. बाबांच्या चेहऱ्याचा उजवा भाग हसत होता. मी भिंतीवरची आमटी पुसायला घेतली.

"सगळा काढ," ते म्हणाले. "परत कर."

परत! पण आता मला काय करायचं ते माहीत होतं. रंग खरवडून काढला, प्रायमर काढला, फोडांखालचा गंज पुन्हा पॉलिश पेपरने घासला. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि सांगाडे त्या पाण्याने धुतले, ब्रशने खड्डान् खड्डा घासत. नळाला पाणी फक्त सकाळी यायचं, त्यामुळे अंधारातच उठून आई पिंपं भरून ठेवायची. एरवी कपभर पाणी सांडलं तरी जीव घेणारी आई, आता स्वतः तांब्यावर तांब्या ओतत होती. बाबांनी परीक्षा सांगितली होती. "निथळलेल्या पाण्याक जीभ लावन बघ. खारट लागला तर परत धू." मी चाखायचे. खारट. पुन्हा धुवायचं. मग आई चाखायची, म्हणायची, माका लागना नाय. म्हटलं, तुझ्या जिभेचं काय सांगतेस, तू सुकटीची बाई. मी स्वतः चाखेन. लोखंडाची एक कडवट चव आणि तिच्यामागे मीठ, कितीतरी दिवस ती माझ्या तोंडातून गेली नाही. शेवटी एका सकाळी ते मागचं मीठ लागलं नाही. मी वाटी आत नेली, बाबांच्या ओठांना लावली. त्यांनी जीभ फिरवली, विचार केला आणि मान हलवली.

लगेच कोरडं करायचं होतं, नाहीतर ओलाव्याने पुन्हा गंज. फडक्याने पुसून सांगाडे पेटत्या शेगडीवर धरले, मी एका बाजूने, भाऊ दुसऱ्या बाजूने, हाताला गोणपाट गुंडाळून. नळ्या तापल्या की भावाला म्हणायचे, फिरव, आता ही बाजू. तो म्हणाला, "पापड भाजतोय का आपण?" पण धरून राहिला.

बाबा म्हणाले, आणा हय. बघूया.

सांगाडा पलंगावर ठेवला. उजव्या हाताचं बोट त्यांनी एकेका नळीवरून फिरवलं, डोळे मिटून. "हय खरखर लागता." मी घासलं. पुन्हा दाखवलं. "हय पण." पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा त्यांनी तेच केलं तेव्हा माझा संयम संपला. म्हटलं, मग तुम्हीच घासा ना! आणि सांगाडा सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला, पॉलिश पेपर उजव्या हातात दिला. आई म्हणाली, अगो, आजारी माणूस तो. मी म्हटलं, जीभ तर चांगली चालतेय त्यांची.

सांगाडा हलत होता, एका हाताने घासता येईना. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा डावा हात उचलून नळीवर ठेवला. तो घसरून पडला. पुन्हा ठेवला. त्या हाताचं नुसतं वजन नळीवर राहिलं तरी पुरे होतं. ते घासायला लागले, हळूहळू, मध्ये थांबत, आणि गादीवर, लेंग्यावर, सगळीकडे तांबडी भुकटी पडत राहिली. चादरीची पार वाट लागली होती. आईने त्यांच्या पाठीमागे उशी सरकवली.

या वेळी रंगाला घाई केली नाही. प्रायमर, मग सुकू दिलं, मग दुसरा हात, मग रंग, मग पुन्हा रंग. रोज सकाळी उठल्याबरोबर मी नळ्यांवरून अंगठा फिरवायचे. फोड नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवाळीचे फटाके वाजून गेले, तरी नाही. मग सीट शिवणाऱ्याकडून नवा काथ्या भरून घेतला, काळं रेक्झीन चढवलं आणि बोल्ट आवळले. भावाला म्हटलं, बस. तो बसला. म्हटलं, उड्या मार. त्याने उड्या मारल्या, गाडी गदागदा हलली, सीट हलली नाही. मग आईला बसवलं. ती अंग चोरून बसली आणि म्हणाली, खाली काय ठेवूचा नाय मां आता? म्हटलं, आई, सीटखाली तुझी सावलीसुद्धा पडता कामा नये.

आता फक्त बाबा राहिले होते. मी त्यांना विचारलंच नाही, सांगितलं. "बाबा, उद्या सकाळी जायचं. मी व्यायामाच्या बाईंना कळवून आलेय." त्यांनी पंख्यावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "सफेद शर्ट इस्त्री कर."

सकाळी खुर्ची काढली तर म्हणाले, खुर्ची नको. एक हात कठड्यावर, एक बाजू भावाच्या खांद्यावर, डावा पाय फरफटत, प्रत्येक पायरीवर थांबत ते उतरले. मध्येच कुठे पाय वळला तर आम्ही जागच्या जागी गोठायचो. दोन्ही मजल्यांवरची दारं आतून किंचित उघडी होती, मला माहीत होतं. खाली आल्यावर आई मूठभर मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला पुढे झाली आणि मी किंचाळले, "आई, मीठ नको!" काकू गॅलरीतून खळखळून हसल्या. आईने मीठ-मोहरी लांब नेऊन गटारात टाकली आणि हात धुऊन आली.

मी डावीकडचं दार उघडून उभी राहिले. बाबा आले, त्या दारासमोर थांबले, सीटकडे बघितलं. आणि पुढे चालू लागले. बॉनेटला हात लावत, गाडीला वळसा घालून उजवीकडे.  भावाने उजवीकडचं दार उघडलं. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर टेकले, भावाने पाय आत घेतले. सीटने त्यांना झेललं, कुरकुर नाही की काही नाही. त्यांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला. इतका ओळखीचा होता तो हात तिथे, की मला एक क्षण वाटलं, आता सेल्फ मारतील आणि निघतील.

मग त्यांनी डाव्या पायाकडे बघितलं. पाय हलला नाही. उजव्या हाताने लेंग्याला धरून त्यांनी तो पाय उचलला आणि क्लचवर ठेवला. दाबायला गेले. पाय घसरून खाली पडला. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. आई माझा दंड धरून उभी होती, तिची नखं मला रुतत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी पाय उचलला नाही. तसेच बसून राहिले, समोरच्या काचेतून बाहेर बघत. मला वाटलं, संपलं. आता वर जायचं म्हणतील आणि परत कधी खाली यायचे नाहीत.

"हय ये," ते मला म्हणाले.

मी गेले. त्यांनी हात पुढे केला, मी आणि भावाने त्यांना उठवलं. गाडीला धरून ते पुन्हा वळसा घालून आले, डावीकडच्या सीटवर बसले आणि उजव्या हाताने डावा हात उचलून नीट मांडीवर ठेवला. आई मागे बसली. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीट अजून त्यांच्या अंगाने कोमट होती. मी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेले, पण समोरचं सगळं धूसर झालं होतं. फाटक, रस्ता, काही दिसेना. मला वाटलं होतं, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही.

बाबांनी उजवा हात लांब केला, किल्ली मागे फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"पयली डोळे पूस," ते म्हणाले. "समोरचा नीट दिसाक लागला काय मगे गाडी सोड."

मी पदराने डोळे पुसले, आणि त्यांनी मान हलवल्यावरच गाडी सोडली.